गोळी, खेळ आणि हँक गॅदर्स

४ मार्च १९९०, रविवारची संध्याकाळ. लॉस एंजेलिसमधील लोयोला मेरीमाउंट विद्यापीठाच्या बंदिस्त मैदानावर बास्केटबॉलचा उपांत्य सामना रंगला होता. समोर पोर्टलंड विद्यापीठाचा संघ होता. सामन्याची जेमतेम साडेसहा मिनिटे झाली होती. सहकाऱ्याने बास्केटजवळ उंच फेकलेला चेंडू यजमान संघाच्या ४४ क्रमांकाच्या खेळाडूने हवेतच झेलला आणि तसाच जाळीत आपटला. गुणफलक २५-१३ झाला, प्रेक्षक उभे राहून ओरडू लागले. तो खेळाडू बचावासाठी मागे वळला, काही पावले चालला आणि मैदानाच्या मध्याजवळ कोसळला. त्याने उठण्याचा प्रयत्न केला, पण त्याला उठता आले नाही. त्याच संध्याकाळी रुग्णालयात डॉक्टरांनी त्याला मृत घोषित केले. त्याचे वय होते अवघे २३ वर्षे आणि तीन आठवडे.

त्या खेळाडूचे नाव हँक गॅदर्स. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये त्या काळी त्याच्याएवढा दमदार खेळाडू शोधावा लागला असता. त्याचा मृत्यू अचानक झाला असे सगळे म्हणाले. पण वैद्यकीयदृष्ट्या तो अचानक नव्हता. त्याच्या हृदयाने बारा आठवडे आधी, त्याच मैदानावर, सर्वांच्या देखत धोक्याची सूचना दिली होती.

फिलाडेल्फियाचा मुलगा

हँकचे पूर्ण नाव एरिक विल्सन गॅदर्स. जन्म ११ फेब्रुवारी १९६७ चा, फिलाडेल्फिया शहराच्या उत्तर भागातला. गरीब कुटुंबांसाठी सरकारने बांधलेल्या रेमंड रोझेन नावाच्या वसाहतीत तो वाढला. या भागात गुन्हेगारी आणि अमली पदार्थांचा विळखा मोठा होता. अशा वस्तीतल्या मुलांसाठी बास्केटबॉलचे मैदान ही नुसती खेळण्याची जागा नसते. शिष्यवृत्ती मिळवून शिकायचे, पुढे व्यावसायिक संघात जायचे आणि घरच्यांना त्या वस्तीतून बाहेर काढायचे, एवढा मोठा हिशेब त्या चेंडूवर मांडलेला असतो. हँकनेही तो मांडला होता.

डॉबिन्स टेक या शाळेत त्याला बो किंबल हा जोडीदार भेटला. दोघांनी मिळून १९८५ मध्ये शाळेला शहरातील सरकारी शाळांचे अजिंक्यपद मिळवून दिले. पुढे दोघेही एकत्रच देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसमधील युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात दाखल झाले. पण पहिल्याच वर्षानंतर तेथील प्रशिक्षक बदलले, नव्या व्यवस्थेत त्यांचे जमले नाही आणि दोघे त्याच शहरातील लोयोला मेरीमाउंट या तुलनेने लहान विद्यापीठात गेले. विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला एक वर्ष सामने खेळता येत नसत. ते वर्ष दोघांनी सरावात काढले.

तेथील प्रशिक्षक पॉल वेस्टहेड हेही मूळचे फिलाडेल्फियाचेच. १९८० मध्ये त्यांनी लॉस एंजेलिस लेकर्स या व्यावसायिक संघाला विजेतेपद मिळवून दिले होते. त्यांची खेळाची पद्धत मात्र अजब होती. त्या काळी महाविद्यालयीन सामन्यात चेंडू हाती आल्यावर बास्केटकडे मारण्यासाठी ४५ सेकंद मिळत. वेस्टहेड यांचा संघ काही सेकंदांतच चेंडू मारून मोकळा होई आणि लगेच संपूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्याला घेरत असे. चाळीस मिनिटे अखंड धावाधाव. समोरचा संघ दमून गळून जावा, हेच त्यामागचे सूत्र. १९८९-९० च्या हंगामात या संघाने सामन्यामागे सरासरी १२२.४ गुण केले. तो विक्रम ठरला.

या धावपळीच्या यंत्राचे इंजिन म्हणजे हँक. उंची सहा फूट सात इंच, पिळदार शरीर आणि न थकणारी जिद्द. १९८८-८९ च्या हंगामात त्याने सामन्यामागे सरासरी ३२.७ गुण मिळवले आणि बास्केटवर आदळून परतलेले १३.७ चेंडू पकडले. या दोन्ही बाबतींत एकाच हंगामात देशात पहिला येणारा तो अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीतील केवळ दुसरा खेळाडू. व्यावसायिक संघांची नजर त्याच्यावर होती. आता फक्त एक हंगाम पार पडायचा होता.

पहिली सूचना

९ डिसेंबर १९८९ रोजी सांता बार्बराच्या संघाविरुद्ध सामना चालू असताना हँक फ्री थ्रो घेण्यासाठी रेषेवर उभा राहिला आणि तेथेच कोसळला. थोड्या वेळाने तो शुद्धीवर आला, आपल्या पायांनी बाहेरही गेला. पाहणाऱ्यांना वाटले, दमणूक असेल, पाणी कमी पडले असेल.

येथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. उन्हात बराच वेळ उभे राहिल्याने, रक्त पाहून किंवा उपाशीपोटी चक्कर येणे ही सामान्य बाब आहे आणि बहुतेक वेळा ती निरुपद्रवी असते. पण धावताना, पोहताना, खेळताना किंवा खेळ थांबताच तरुण माणूस शुद्ध हरपून पडला, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो हृदयाचाच आजार समजायचा, हा वैद्यकशास्त्राचा नियम आहे. व्यायामाच्या वेळी शरीरात अॅड्रेनलिन वाढते. निरोगी हृदय त्यामुळे वेगाने आणि जोराने चालते. पण ज्या हृदयाच्या स्नायूत कुठे सूज, जाडी किंवा व्रण आहे, त्यात याच अॅड्रेनलिनमुळे विजेचे संदेश भरकटतात. खालच्या कप्प्यांमध्ये ठोके स्वतंत्रपणे आणि अतिवेगाने सुरू होतात. काही सेकंदांत ते थांबले तर माणूस चक्कर येऊन सावरतो. थांबले नाहीत तर हृदय नुसते थरथरत राहते, रक्त पुढे ढकलले जात नाही आणि काही मिनिटांत सारे संपते.

सुदैवाने हँकच्या डॉक्टरांनी ही घटना हलक्यात घेतली नाही. तपासण्या झाल्या. व्यायामाच्या वेळी त्याचे ठोके अनियमित होतात हे दिसून आले. त्याला प्रोप्रॅनोलॉल हे औषध सुरू करण्यात आले. तीन आठवड्यांनी, ३० डिसेंबरला, तो पुन्हा मैदानात उतरला.

औषधाची किंमत

प्रोप्रॅनोलॉल हे बीटा ब्लॉकर गटातील औषध. आपल्याकडेही रक्तदाब, धडधड, अर्धशिशी, थायरॉइडचे विकार, हातांचा कंप अशा अनेक तक्रारींसाठी ते दिले जाते. अॅड्रेनलिन हृदयाच्या पेशींवरील ज्या जागी चिकटून तिला उत्तेजित करते, ती जागाच हे औषध अडवून धरते. त्यामुळे नाडी मंदावते, हृदयाच्या आकुंचनाचा जोर कमी होतो आणि भरकटणाऱ्या ठोक्यांना लगाम बसतो.

पण हा लगाम भल्याबुऱ्याची निवड करत नाही. धोकादायक ठोक्यांबरोबर तो खेळाडूला लागणारा वेगही रोखतो. जिन्याने दोन मजले चढणाऱ्या माणसाला हे फारसे जाणवणार नाही. पण चाळीस मिनिटे न थांबता धावायचे, उड्या मारायच्या, त्याही देशातील सर्वांत वेगवान संघात, अशा खेळाडूला ते नक्की जाणवते. पाय जड होतात, दम लवकर लागतो, अंगात मरगळ येते. जे हृदयाला वाचवत होते तेच खेळाला मारत होते. हँकच्या बाबतीत औषध आणि खेळ यांचा असा उभा दावा होता.

हँकला आपला खेळ मंदावलेला जाणवला. हंगाम ऐन भरात आलेला. पुढे राष्ट्रीय स्पर्धा, त्यापुढे व्यावसायिक संघांची निवड. फिलाडेल्फियातल्या वस्तीपासून इथपर्यंतचा प्रवास शेवटच्या टप्प्यावर येऊन ठेपलेला. त्याने औषधाबद्दल तक्रार केली आणि पुढच्या आठवड्यांत औषधाचे प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आले.

आणि हँक पुन्हा पूर्वीसारखा खेळू लागला. ३ फेब्रुवारी १९९० रोजी लुइझियाना स्टेट विद्यापीठाविरुद्ध त्याने ४८ गुण केले. समोर शकील ओनील होता, जो पुढे बास्केटबॉलमधील दिग्गजांपैकी एक ठरला. जादा वेळेपर्यंत गेलेला तो सामना हँकच्या संघाने १४८-१४१ असा गमावला, पण हँकच्या त्या दिवसाच्या खेळाची चर्चा झाली. मैदानाबाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, मुलगा पूर्ण बरा झाला.

येथेच फसगत होते. औषध कमी केल्यावर बरे वाटणे आणि आजार बरा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोळीमुळे येणारी मरगळ गेली की माणसाला तरतरी येते. तो समजतो, प्रकृती सुधारली. प्रत्यक्षात फक्त गोळीचा त्रास कमी झालेला असतो, तिने दिलेले संरक्षणही त्याच मापाने कमी झालेले असते. हृदयाच्या स्नायूतला दोष जागच्या जागी असतो आणि तो वेदना देऊन आपली आठवणही करून देत नाही.

ती काही मिनिटे

४ मार्चला काय घडले ते आरंभी आलेच आहे. हँकला हृदयविकाराचा झटका आला नव्हता. झटक्यात हृदयाला रक्त पुरवणारी नळी बंद होते, छातीत दुखते, रुग्ण बहुधा शुद्धीत असतो. हँकचे झाले ते हृदय बंद पडणे. यात नळ्या मोकळ्या असू शकतात, बिघडते ती हृदयातील विजेची व्यवस्था. यावर तातडीचा उपाय एकच, छातीवर दाब देत राहणे आणि शक्य तितक्या लवकर डिफिब्रिलेटर या यंत्राने विजेचा झटका देऊन ठोके पुन्हा लयीत आणणे. उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते. दहा मिनिटांनंतर फारसे काही उरत नाही.

हँकच्या पहिल्या घटनेनंतर विद्यापीठाने असे यंत्र घेतले होते आणि त्या संध्याकाळी ते उपलब्धही होते. त्याला मैदानावरून बाहेर नेण्यात आले आणि पुढचे उपचार बाहेर झाले. यंत्राचा वापर पुरेशा लवकर झाला का, यावर नंतर मोठा वाद झाला. शवविच्छेदनात मृत्यूचे कारण हृदयाच्या स्नायूचा आजार, म्हणजे कार्डिओमायोपथी, असल्याचे स्पष्ट झाले.

कुटुंबाने विद्यापीठ आणि डॉक्टरांविरुद्ध दावे लावले. औषध कोणाच्या सांगण्यावरून, किती आणि का कमी झाले, खेळाडूला धोक्याची पूर्ण कल्पना होती का, त्याला खेळू द्यायलाच हवे होते का, असे प्रश्न पुढे आले. मुख्य दावे अखेर तडजोडीने मिटले. त्यामुळे दोष नेमका कोणाचा याचा निवाडा कोणत्याही न्यायालयाने दिला नाही. पण त्या प्रश्नांनी अमेरिकेतील क्रीडावैद्यक ढवळून निघाले. खेळाडू, प्रशिक्षक, विद्यापीठ, चाहते अशा सगळ्यांनाच त्याने खेळावे असे वाटत असते. अशा वेळी नको म्हणण्याचे काम एकट्या डॉक्टरकडे येते. ते काम किती अवघड आहे, हे या मृत्यूने दाखवून दिले.

हँकच्या आजारावर आणखी एक मार्ग त्या काळी अस्तित्वात होता. शरीरात बसवता येणारा डिफिब्रिलेटर १९८० मध्ये बाल्टिमोर येथे पहिल्यांदा माणसाला बसवला गेला होता. पण १९९० च्या सुमारास हे यंत्र आकाराने मोठे होते आणि ते बसवायला छाती उघडावी लागे. ते घेऊन स्पर्धात्मक बास्केटबॉल खेळण्याचा विचारही कोणी केला नसता. म्हणजे हँकसमोर त्या वेळी खरी निवड दोनच गोष्टींत होती. खेळ सोडायचा किंवा जिवावर उदार होऊन खेळायचे. ही निवड इतक्या स्पष्ट शब्दांत त्याच्यासमोर मांडली गेली होती का, हाच पुढे वादाचा गाभा राहिला.

डाव्या हाताचा फ्री थ्रो

हँकच्या मृत्यूनंतर ती प्रादेशिक स्पर्धा तिथेच थांबवण्यात आली. साखळीत अव्वल असल्याने लोयोला मेरीमाउंटला राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळाला. दुःखात बुडालेला हा संघ काय खेळणार, असे वाटत असताना त्यांनी न्यू मेक्सिको स्टेटला हरवले. मग आदल्या वर्षीच्या विजेत्या मिशिगनला १४९-११५ असे धूळ चारले. त्यानंतर अलाबामालाही नमवले. शेवटच्या आठ संघांत पोहोचल्यावर नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगास संघाने त्यांना रोखले.

हँक उजव्या हाताचा खेळाडू. पण फ्री थ्रो हा त्याच्या खेळातला कच्चा दुवा होता, म्हणून तो ते डाव्या हाताने मारून पाहू लागला होता. बो किंबलने या स्पर्धेतील प्रत्येक सामन्यात आपला पहिला फ्री थ्रो मित्राच्या आठवणीत डाव्या हाताने मारला. चारही सामन्यांत तो चेंडू जाळीत गेला. पुढे किंबलने हँकच्या क्रमांकावरून नाव घेतलेली संस्था काढली. हृदय बंद पडलेल्या माणसाला जागेवर मदत कशी करावी, याचे शिक्षण लोकांना मिळावे यासाठी ती काम करते. ज्या मैदानावर हँक कोसळला त्याला आज विद्यार्थी हँकचे घर म्हणून ओळखतात. २०२० पासून त्याच्याबाहेर हँकचा पुतळा उभा आहे.

त्यानंतर काय बदलले

१९९६ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने शाळा-महाविद्यालयांतील खेळाडूंच्या हृदयतपासणीसाठी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यांचा भर महागड्या यंत्रांवर नाही, नीट विचारलेल्या प्रश्नांवर आणि काळजीपूर्वक केलेल्या तपासणीवर आहे. इटलीने तर १९८२ पासूनच स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूची ईसीजीसह तपासणी कायद्याने सक्तीची केली होती. तेथील व्हेनेटो प्रांतात तरुण खेळाडूंचे अचानक होणारे मृत्यू पुढील दोन दशकांत सुमारे ८९ टक्क्यांनी घटल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

सर्वांत मोठा फरक पडला तो मैदानावरील तयारीत. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये युरो स्पर्धेच्या सामन्यात डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन असाच कोसळला. त्याच्या छातीवर लगेच दाब देणे सुरू झाले, मैदानावरच विजेचा झटका दिला गेला आणि तो वाचला. शरीरात छोटा डिफिब्रिलेटर बसवून तो पुढच्याच वर्षी पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळला. एकतीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटनांत फरक कशाने पडतो, ते यातून कळते.

आपल्या घरासाठी

हँकच्या आजाराच्या कुळातील सर्वांत परिचित विकार म्हणजे हृदयाचा स्नायू जन्मजात दोषामुळे जाड होणे. तो सुमारे पाचशे जणांत एकाला असतो, म्हणजे दुर्मीळ म्हणता येणार नाही. तो बऱ्याचदा आनुवंशिक असतो आणि टू-डी इको या वेदनारहित तपासणीत बहुधा दिसून येतो. शाळेच्या संघात खेळणारी, पोलीस किंवा सैन्यभरतीसाठी धावण्याचा सराव करणारी, मॅरेथॉनची तयारी करणारी मुलेमुली ज्या घरात आहेत, तिथे काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

धावताना किंवा खेळताना चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे, बरोबरीच्या मुलांपेक्षा फार लवकर दम लागणे, एकाएकी जोराची धडधड होणे यांपैकी काहीही झाले तर सराव थांबवून आधी डॉक्टरांना दाखवावे. घराण्यात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेले असेल, तर तेही न विचारता सांगावे. झोपेत गेला, पोहताना बुडाला अशा आठवणींमागेही कधीकधी हृदयाचा विकार असतो.

सुरू असलेली गोळी त्रास देत असेल तर तसे डॉक्टरांना जरूर सांगावे. दुसरे औषध निघू शकते, वेळ बदलता येते. पण मनाने डोस कमी करू नये. बीटा ब्लॉकर तर एकदम बंद केल्यास ठोके उसळण्याचा धोका असतो. आणि डॉक्टरांनी डोस कमी केला, तर नव्या डोसवर हृदय सुरक्षित आहे का, याची फेरतपासणी झाली की नाही हे विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे. बरे वाटते आहे, एवढे पुरेसे नाही.

कोणी समोर कोसळले, हाक मारून प्रतिसाद नाही आणि श्वास नीट नाही, असे दिसले तर एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब द्यायला सुरुवात करावी, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने. कांदा हुंगवणे, तोंडावर पाणी मारणे, उचलून रिक्षात घालणे यात जीव वाचवणारी मिनिटे जातात. जवळ डिफिब्रिलेटर असेल तर तो त्वरित आणावा. हे यंत्र बोलून सूचना देते आणि गरज नसेल तर झटका देत नाही.

हँक गॅदर्सला खेळ सोडायला सांगणे सोपे नव्हते. त्याच्यासाठी खेळ म्हणजे केवळ छंद नव्हता, घरच्यांना दिलेला शब्द होता. आज हृदयाचा विकार कळल्यावरही काही खेळाडू पूर्ण विचारविनिमय करून, नियमित देखरेखीखाली खेळतात, काहींना थांबावे लागते. मात्र तो निर्णय हंगामाचे वेळापत्रक पाहून करायचा नसतो, हृदयाची तपासणी पाहून करायचा असतो. ९ डिसेंबरला फ्री थ्रोच्या रेषेवर हँकच्या हृदयाने हेच सांगितले होते.